बेघर निवारा, नाशिक : खाट सोडा, आधी कुलूप बघा

निवारागृह पाहायला गेलेला माणूस खाटा मोजतो. भिंतीचा रंग बघतो, संडासात डोकावतो, नोंदवहीवर नजर टाकतो आणि 'सोय चांगली आहे' म्हणून बाहेर पडतो. खाटा मोजून किती माणसं मावतील ते कळतं, किती येतील ते कळत नाही. गोदावरीच्या घाटावर रामकुंडाच्या पायऱ्यांवर, नाशिक रोड स्टेशनच्या बाहेर, ठक्कर बाजार बसस्थानकाच्या फलाटाकडेला अंगावर चादर ओढून पडलेल्या माणसाला फुकटची खाट का नको असते, हे कळायला त्याच्या उशाखालचं बोचकं बघावं लागतं.

ज्या सेवेचा हा आढावा आहे ती आधी नीट सांगायला हवी, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार. हे धर्मादाय अन्नछत्र नाही, वृद्धाश्रम नाही आणि भिक्षेकरी गृह तर अजिबात नाही. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाखाली 2013 पासून शहरी बेघरांसाठी निवारा ही योजना चालत आली. इमारत महापालिकेची, रोजचं चालवणं बहुधा एखाद्या संस्थेकडे. निकष कागदावर चांगले आहेत: दर एक लाख लोकवस्तीमागे 100 माणसांची सोय, एका निवाऱ्यात किमान 50 जणांची जागा, माणशी 50 चौरस फूट, वर्षाचे बारा महिने आणि दिवसाचे चोवीस तास उघडं. पाणी, न्हाणीघर, संडास, अंथरूण-पांघरूण, प्रथमोपचार, स्वयंपाकाची जागा आणि प्रत्येकाला सामान ठेवायला कुलुपाची पेटी. ओळखपत्र नाही म्हणून कुणाला परत पाठवणं यात बसत नाही. कमावत्या माणसाकडून थोडी वर्गणी घ्यायची मुभा आहे, पण पैसे नाहीत म्हणून दार बंद करता येत नाही.

2011 च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या 14 लाख 86 हजार होती. नियमाचा हिशेब मांडला तर त्या वेळच्या आकड्यावरच चौदा-पंधरा निवारे आणि जवळपास दीड हजार खाटा लागतात. शहर तेव्हापासून पाथर्डी फाट्यापासून आडगावपर्यंत किती पसरलंय ते वेगळं सांगायला नको.

पण खरी गोम संख्येत नाही, जागेत आहे. नाशिक रोड स्टेशन ते रामकुंड हे अंतर नऊ-दहा किलोमीटर. स्टेशनवर झोपणारा माणूस स्टेशनवरच झोपतो, कारण त्याचं पोट स्टेशनवर आहे: हमाली, बाटल्या गोळा करणं, गाडीच्या वेळेला चार पैसे. घाटावरचा माणूस घाटावर असतो, कारण दशक्रियेला आणि अस्थिविसर्जनाला आलेली माणसं तिथे अन्न वाटतात, पितृपक्षात तर दोन्ही वेळचं. पेठ नाक्यावरचा मजूर तिथेच असतो, कारण पेठ-सुरगाण्याहून उतरणारी एसटी तिथे थांबते आणि मुकादम सकाळी तिथेच माणसं उचलतो. यातल्या कुणालाही दुसऱ्या टोकाची खाट दिली तर जायला-यायला रिक्षाचं भाडं त्याच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीला भिडतं. म्हणून निवाऱ्याचा पत्ता कळला की पहिलं काम नकाशा उघडण्याचं: सर्वांत जवळचा मजूर नाका, बाजार समिती, स्टेशन किंवा स्टँड दीड-दोन किलोमीटरच्या आत आहे का? नसेल तर आतल्या सोयी कितीही बऱ्या असोत, निम्म्या खाटा रिकाम्या राहणार. मग 'बेघरांनाच निवारा नको आहे' असा शेरा मारायला सगळे मोकळे.

दुसरी परीक्षा फाटकाची. योजना चोवीस तास म्हणते. प्रत्यक्षात कुठल्याही वसतिगृहासारखं फाटक दहाला लावायचा मोह काळजीवाहकाला होतोच, कारण रात्री एकटा माणूस ड्युटीवर असतो आणि त्यालाही झोप लागते. पण बाजार समितीत भाजीपाल्याच्या गाड्या रात्री मुंबईसाठी भरतात. तिथला हमाल मोकळा होतो बारा-एकला. लग्नसराईत वाढप्याचं, दिवे डोक्यावर धरण्याचं काम करणाऱ्या बायका त्याहून उशिरा सुटतात. त्यांना फाटक बंद मिळालं की एका रात्रीत निवाऱ्यावरचा विश्वास संपतो, तिसऱ्या रात्री तो माणूस फिरकत नाही. तपासायचं असेल तर दुपारी जाऊ नका. रात्री साडेअकराला जा आणि पुन्हा पहाटे पाचला. दुपारी सगळे निवारे सारखेच दिसतात.

आता कुलूप. रस्त्यावर राहणाऱ्या माणसाची सगळी मालमत्ता एका गाठोड्यात असते: दोन कपडे, आधार कार्डाची मळकी प्रत, औषधाची चिठ्ठी, आणि गवंड्याचं काम करत असेल तर थापी, ओळंबा, रंधा. थापी गेली की दुसऱ्या दिवशीची मजुरी अर्ध्यावर येते, कारण मग तो गवंडी उरत नाही, हाताखालचा बिगारी होतो. त्यामुळे पेटी ही इथे चैन नाही. शाळेच्या लॉकरसारखे एक फूट बाय एक फुटाचे लोखंडी कप्पे बसवलेले असतील तर ते शोभेचे समजा. गाठोडं त्यात जात नाही आणि फावडं तर नाहीच. निदान दोन फूट खोल आणि दीड फूट रुंद-उंच कप्पा हवा, नाहीतर खाटेखाली साखळीने बांधता येईल अशी पत्र्याची पेटी. लांब अवजारांसाठी काळजीवाहकाच्या टेबलामागे एक कोपरा आणि टोकन पुरतं. महत्त्वाचं म्हणजे कप्प्याला कडीकोयंडा असावा, बसवलेलं कुलूप नसावं. बसवलेल्या कुलपाची दुसरी चावी कार्यालयात असते आणि हे प्रत्येकाला ठाऊक असतं. स्वतःचं चाळीस-पन्नास रुपयांचं कुलूप लावता आलं तरच माणूस गाठोडं ठेवून कामाला जातो. हातगाडी किंवा फुग्यांची काठी घेऊन फिरणाऱ्याला आवारात गाडी लावायला जागा मिळते का, हेही विचारा. गाडी बाहेर ठेवावी लागली तर मालक गाडीजवळच झोपतो.

कुटुंबाचं काय, हा प्रश्न तर बहुतेक ठिकाणी अनुत्तरितच राहतो. पुरुषांचा हॉल वेगळा, बायकांचा वेगळा. नवरा-बायको आणि दोन पोरं आली की बारा वर्षांचा मुलगा कुठल्या बाजूला, याचा निर्णय काळजीवाहक दारात उभं राहून करतो. मग ते कुटुंब पुलाखाली एकत्र राहणं पसंत करतं, आणि त्यांचं चुकत नाही. योजनेत कुटुंबांसाठी, स्त्रियांसाठी, वृद्धांसाठी वेगळ्या निवाऱ्यांची तरतूद आहे, पण एकाच इमारतीत सगळं बसवायचं ठरलं की पहिला बळी कुटुंबाच्या खोलीचा जातो. महाराष्ट्राला हे नवीन नाही. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी बराकींत उतरवलं, त्याचं पुढे उल्हासनगर झालं. देवळालीतही छावणी होती. एका बराकीत अनेक संसार, मध्ये पडदे, पण कुटुंबं तोडली नव्हती म्हणून माणसं टिकली. आज 'सरकारने दिलेलं छप्पर' म्हणून शहरात जे काही उरतं ते हे निवारेच. निदान प्लायवूडची आडभिंत घालून तीन-चार कुटुंबांचे कप्पे करणं फार खर्चाचं काम नाही. प्लायवूड वापरायचं तर सांधे मात्र भरून घ्यावे लागतात. ते का, ते पुढे येतंच.

खाटेबद्दल तक्रार सहसा कमी असते. 50 चौरस फूट म्हणजे सहा बाय तीनची खाट, बाजूला माणूस उभा राहील एवढी वाट आणि पायाशी पेटी. ही जागा खरोखर मिळते का ते दोन खाटांमधल्या अंतरावरून कळतं. हात आडवा केला आणि शेजारच्या गादीला लागला तर जागा कमी आहे. दुमजली खाटा लावल्या की आकडा फुगतो, पण वरची खाट साठीच्या माणसाच्या आणि दारू प्यायलेल्याच्या उपयोगाची नाही. दोन खाटांमधलं अंतर खोकल्यासाठीही लागतं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्या माणसाची थुंकी सरकारी दवाखान्यात फुकट तपासून मिळते. क्षयाचं निदान झालं तर उपचार निदान सहा महिन्यांचा, आणि पोषणासाठी दरमहा 1000 रुपये थेट बँक खात्यात. खातं नसेल तर ते पैसे अडकतात, म्हणून चांगला व्यवस्थापक आधी खातं उघडून देतो.

नाशिकची थंडी हा वेगळा विषय आहे. डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान दहाच्या खाली जाणं इथे नित्याचं. पांघरूण एकच मिळणार असेल तर ते अंगावर घेऊन भागत नाही, कारण थंडी फरशीतून आणि खाटेच्या पत्र्यातून वर येते. एक खाली, एक वर, असं माणशी दोन ब्लँकेटं लागतात. दर हिवाळ्यात मोठ्या मनाची मंडळी घाटावर ब्लँकेटं वाटतात. त्यातलं निम्मं वाटप थेट निवाऱ्यात गाद्यांखाली गेलं तर जास्त उपयोगी पडेल, पण तिथे फोटो बरा येत नाही.

गरम पाण्याचं गणित कुणी करत नाही. गच्चीवर सोलर बसवलेला असतो आणि व्यवस्थापक तो अभिमानाने दाखवतो. पण मजूर आंघोळ करतो पहाटे पाचला. रात्रभर टाकीत उरलेलं पाणी कोमट असतं, आणि माणशी दहा लिटर गरम पाणी धरलं तरी 50 माणसांना 500 लिटर लागतं. टाकी 200 लिटरची असेल तर विसाव्या माणसानंतर गार पाणी. संडासाचं तेच: पाच ते साडेसहा ही घाईची वेळ, माणशी पाच मिनिटं धरली तर एका संडासात अठरा माणसं होतात. म्हणजे 50 जणांना तीन चालू संडास ही अगदी तळाची गरज. 'चालू' हा शब्द महत्त्वाचा, कारण एकाची कडी तुटलेली आणि एक 'स्टाफसाठी' हा प्रकार सर्रास आढळतो.

आणि ढेकूण. निवारा बंद पाडायची ताकद यांच्यात आहे. नवीन आलेला माणूस सकाळी हातावर ओळीने उठलेले लाल चट्टे घेऊन गेला की परत येत नाही, आणि नाक्यावर दहाजणांना सांगतो. फवारणी करून प्रश्न सुटत नाही, कारण ढेकूण अंगावर राहत नाही. तो खाटेच्या सांध्यात, प्लायवूडच्या फटीत, भिंतीच्या पोपड्यात लपतो, आणि काही न खाता महिनेच्या महिने काढू शकतो. गादी नुसती उन्हात टाकूनही भागत नाही, तो सावलीच्या बाजूला सरकतो. जे चालतं ते असं: लाकडाऐवजी लोखंडी खाट, नळीची टोकं बंद केलेली; गादीला पूर्ण चेन असलेलं रेक्झिनचं आवरण; चादरी आठवड्याला उकळत्या पाण्यात, कारण 50 अंशांच्या वर ढेकूण आणि त्याची अंडी दोन्ही मरतात; भिंतीच्या फटी पुट्टीने बुजवलेल्या; फवारणी एकदा नाही, दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा, कारण मधल्या काळात अंडी फुटतात. नव्या माणसाचं गाठोडं मात्र बाहेर फेकायचं नाही. काळ्या प्लॅस्टिक पिशवीत घट्ट बांधून कप्प्यात ठेवायचं आणि कपडे त्याच्यासमोर धुवायचे.

खरजेचा गोंधळ याहून जास्त. एकालाच मलम दिलं की पंधरा दिवसांत खोलीभर खरूज परत. पाच टक्के पर्मेथ्रिन मलम खोलीतल्या सगळ्यांनी एकाच रात्री, मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावायचं, आठ ते चौदा तासांनी धुवायचं, आठवड्याने पुन्हा. औषध लागू पडलं तरी खाज दोन-तीन आठवडे राहते. हे सांगितलं नाही तर माणूस रोज मलम चोपडतो आणि कातडी जाळून घेतो.

जेवणाच्या बाबतीत या सेवेला फार गुण देता येत नाहीत. स्वयंपाकाची जागा योजनेत आहे, रोजचं ताट देईलच असं नाही. 10 रुपयांची शिवभोजन थाळी 2020 पासून आली. दोन पोळ्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण, एक मूद भात. पण ती दुपारची, आणि मजूर दुपारी साइटवर असतो. प्रश्न रात्रीचा आहे. गॅसची एक शेगडी, दोन पातेली आणि तवा माणसांच्या हाती दिला तर तीन-चार जण मिळून भाकरी-कालवण करतात, आणि ते आणलेल्या खिचडीपेक्षा बरं असतं. शेगडी कुलपात ठेवणारा व्यवस्थापक आगीचं कारण देतो. सिलिंडर बाहेरच्या जाळीत ठेवून नळी आत घेतली की ते कारण उरत नाही.

या सेवेची सर्वांत मोलाची गोष्ट कुणी जाहिरातीत सांगत नाही: कागद. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने आधारच्या ठरलेल्या नमुन्यात, फोटो चिकटवून सही-शिक्क्यानिशी प्रमाणपत्र दिलं तर ते आधारसाठी चालतं. प्रमाणपत्र तीन महिनेच वैध असतं, त्यामुळे ते घेऊन ठेवून भागत नाही, लगेच केंद्रावर जावं लागतं. मतदार यादीसाठी नमुना 6 भरताना बेघराला पत्त्याचा पुरावा लागत नाही. तो जिथे झोपतो म्हणतो तिथे बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राचा अधिकारी, रात्री येऊन खात्री करतो. संजय गांधी निराधार योजनेचे दरमहा 1500 रुपये मात्र सहज मिळत नाहीत. वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत हे सिद्ध करणं सोपं. महाराष्ट्रात 15 वर्षं राहिल्याचा पुरावा, हा रस्त्यावर आयुष्य काढलेल्या माणसाने कुठून आणायचा? इथे जुनी रुग्णालयाची केसपेपरं, मुलाच्या शाळेचा दाखला, रद्द झालेलं रेशनकार्ड, काहीही जपून ठेवलेलं कामाला येतं. म्हणूनच कुलपाची पेटी.

सगळ्यांची सोय निवाऱ्यात होत नाही, हेही स्पष्ट हवं. एकटं मूल दिसलं तर 1098 या बाल हेल्पलाइनला फोन करा. मारहाणीतून बाहेर पडलेली बाई असेल तर 181 ही महिला हेल्पलाइन, तिला पुरुष काळजीवाहक असलेल्या हॉलमध्ये नेऊ नका. भान हरपून फिरणाऱ्या माणसाला मानसिक आरोग्य कायदा 2017 च्या कलम 100 प्रमाणे पोलिसांनी ताब्यात घेऊन 24 तासांत सरकारी आरोग्य संस्थेत पोचवायचं असतं; निवाऱ्याच्या दारात सोडून जाणं ही पळवाट झाली. रोज दारू पिणाऱ्याला 'आधी सोड, मग ये' असं सांगणं तर धोक्याचं आहे. अचानक बंद केली की दोन दिवसांत हात थरथरतात, फिट येऊ शकते; तो माणूस सिव्हिलमध्ये हवा, आणि परतल्यावर त्याची खाट राखलेली हवी.

एक भीती मात्र समजून घ्या. 1959 चा भिक्षा प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात लागू आहे, आणि त्याखाली धरून नेलेल्यांच्या कथा घाटावर पिढ्यान्‌पिढ्या ऐकल्या जातात. मोठा साहेबी कार्यक्रम आला की घाट रिकामा केला जातो, हे इथला प्रत्येक जण जाणतो, आणि 2027 चा सिंहस्थ समोर आहे. त्यामुळे महापालिकेची गाडी आणि खाकी वर्दी एकत्र दिसली की माणसं गोदावरीच्या पलीकडे पळतात. निवाऱ्यातून मनात येईल तेव्हा निघून जाता येतं, कोर्टाचा संबंध नाही, हे गाडीत बसवण्याआधी सांगायला हवं. सांगणारा वर्दीत नसलेला, शक्यतो आधी तिथे राहून गेलेला माणूस असेल तर दहापैकी चार तरी येतात.

ज्या उपजीविका अभियानाखाली हे निवारे चालत आले त्याची मुदत 30 सप्टेंबर 2024 ला संपली. त्यामुळे आता व्यवस्थापकाला विचारायचा पहिला प्रश्न हा: काळजीवाहकांचा पगार कुठून आणि किती महिन्यांचा थकलाय? पगार थकला की तीन पाळ्यांचा एक माणूस होतो, एक माणूस झाला की फाटक दहाला लागतं. बाकी सगळं त्यामागून घसरतं. राजीव गांधी भवनात, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयात, चौकशी करताना 'निवारा आहे का' असं विचारून उपयोग नाही, 'हो' हेच उत्तर मिळतं. रात्रपाळीला किती माणसं, कुटुंबाची खोली किती, आज रात्री रिकाम्या खाटा किती, हे विचारा.

कुणाला घेऊन जाणार असाल तर पावसाळ्यात दुतोंड्या मारुतीच्या, म्हणजे ज्यावरून नाशिककर गोदावरीचा पूर मोजतात त्या घाटावरच्या मूर्तीच्या, गुडघ्याला पाणी लागायची वाट बघू नका. गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला की घाटावरचे सगळे एकदम हलतात आणि त्या रात्री एक खाट मिळत नाही. आधी एकदा त्या माणसाला दिवसा नुसता दाखवून आणा. नाव, गाव, आधार पहिल्या रात्री विचारू नका, नोंदवहीत टोपणनावही चालतं. त्याच्या हाती स्वतःचं एक कुलूप द्या, चावी गळ्यात अडकवायला दोरा द्या, आणि चौथ्या दिवशी पुन्हा चौकशीला जा.